लाल बिल्ला आणि खुला बाजार: आजोबा डावे की उजवे?

तुमचा प्रश्न तीन पदरी आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. तुमचे आजोबा शेतमालाच्या भावासाठी लढणाऱ्या शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते. छातीवर लाल बिल्ला, १९८० च्या कांदा आंदोलनात रस्त्यावर, आणि पुढे डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार खुला करणाऱ्या ‘गॅट’ कराराच्या मसुद्याच्या, बाजूने गावोगाव भांडणारे. तुम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करताय. पुस्तकात ‘डावे म्हणजे समता आणि सरकार, उजवे म्हणजे बाजार आणि परंपरा’ असा तक्ता आहे, आणि आजोबा त्यातल्या कुठल्याच रकान्यात मावत नाहीत. वर इंटरनेटवरच्या एका चाचणीने तुम्हालाच ‘डावे-उदारमतवादी’ ठरवले, तेही तुम्हाला पटलेले नाही. मग हे वर्गीकरण करायचे तरी कसे, आणि परीक्षेत लिहायचे काय?

पदवीच्या वर्गांना राजकीय विचारप्रणालींचा पेपर मी बरीच वर्षे शिकवला. हा प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या रूपात यायचाच. ‘सर, सावरकर उजवे ना? मग रत्नागिरीत सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर कशाला?’ ‘गांधी परंपरावादी की क्रांतिकारक?’ विचारणारा वेगळा असला तरी अडचण एकच असते. आपण माणसाला रकान्यात टाकायला निघतो आणि तो रकाना मुळात कोणत्या भांडणातून तयार झाला हे विचारायचे राहून जाते.

डावे-उजवे हे नाव कुठून आले ते तुम्हाला ठाऊक असेलच. १७८९, फ्रान्सची राष्ट्रीय सभा. राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, तो नको म्हणणारे डाव्या हाताला. लक्षात घ्या, त्या दिवशी वाद सरकारी कारखान्यांचा नव्हता, बाजाराचाही नव्हता. राजाची सत्ता किती, एवढाच सवाल होता. पुढे कारखाने आले, कामगार आले, समाजवाद आला, आणि मालमत्ता कोणाची हा वाद त्याच दोन बाजूंवर येऊन बसला. तुमच्या पुस्तकातल्या तक्त्याने शंभर-दीडशे वर्षांत साचलेली ही तीन-चार भांडणे एकाच रेघेवर ओढली आहेत: सत्ता कोणाकडे, मालमत्ता कोणाची, रूढींचे काय करायचे. युरोपात ही भांडणे बऱ्याचदा एकमेकांना चिकटून आली. राजाला मानणारा, चर्चला मानणारा आणि जमीनदार हा पुष्कळदा एकच माणूस असे, त्यामुळे तिथे एक रेघ बऱ्यापैकी चालली. आपल्याकडे ती भांडणे सुटी सुटी आली, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

यासाठी १८९० च्या दशकातले पुणे बघा. वर्गात हे उदाहरण मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवायचो, कारण ते एकदा कळले की बाकीचे आपोआप सुटे होते. ब्रिटिश सत्तेशी कसे वागायचे यावर टिळक जहाल, गोखले मवाळ. या रेषेवर टिळक ‘डावे’ ठरतात. १९०८ मध्ये त्यांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. पण १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीचे वय दहावरून बारा करण्याचा, त्याला टिळकांनी विरोध केला आणि आगरकरांनी उचलून धरले. या दुसऱ्या रेषेवर टिळक उजवीकडे सरकले, मवाळ आणि सुधारक डावीकडे. १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनात तर काँग्रेसच्या मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरू द्यायची की नाही यावरूनच रान पेटले, आणि परिषद दुसरीकडे न्यावी लागली.

तिसरी रेषा जातीची. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. पुढची ब्राह्मणेतर चळवळ इंग्रज जाण्याची घाई करत नव्हती. आज गेले तर सत्ता कोणाच्या हातात पडेल, हा तिचा रोकडा प्रश्न होता. स्वातंत्र्याच्या रेषेवर ती मंडळी मवाळांहूनही मागे दिसतात, जातीच्या रेषेवर टिळक-गोखले दोघांच्याही कितीतरी पुढे. आता यांना एका रेघेवर बसवून दाखवा! बसत नाहीत, म्हणून हे सगळे वैचारिक गोंधळात होते असे कोणी म्हणत नाही. तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रश्नांना पहिला मान दिला होता, इतकेच.

मग भाषेची रेषाही आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेकाप, आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हा पक्ष होते आणि जनसंघही होता. १९५७ च्या निवडणुकीपुरते कम्युनिस्ट नेते डांगे आणि जनसंघवाले एका बाजूला. मुंबईसह महाराष्ट्र हवा की नको, या एका सवालापुढे बाकी सगळ्या रेषा काही काळ मागे पडल्या.

म्हणजे डावे-उजवे टाकूनच द्यायचे का? माझे मत, नाही. इटलीचे विचारवंत नॉर्बेर्तो बॉबिओ यांनी १९९० च्या दशकात, बर्लिनची भिंत पडल्यावर सगळे जण ‘आता डावे-उजवे संपले’ म्हणत होते तेव्हा, एक साधी कसोटी सुचवली. माणसामाणसांतली विषमता बहुतांशी समाजाने घडवलेली आहे आणि ती कमी करता येते, करायला हवी, असे मानणारा डावीकडे. ती बरीचशी स्वाभाविक किंवा उपयोगी आहे असे मानणारा उजवीकडे. मुंबईतल्या १९२८ च्या गिरणी संपाबद्दल बोलायचे असेल तर ही कसोटी चोख चालते. मालक आणि कामगार समोरासमोर होते, भांडण मजुरीचे आणि कामाच्या ताणाचे होते. जिथे भांडणच वर्गाचे आहे तिथे ही पट्टी वापरा. वाद दुसराच असेल तर ती फसवते.

आता आजोबांकडे येऊ. त्यांच्या स्वतःच्या मनात नेमके काय होते ते मी सांगू शकत नाही. ते संघटनेत कधी आले, कोणत्या भागातले, कोरडवाहू की बागायतदार, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पण संघटनेची मांडणी तपासता येते. मी अशा वेळी चार गोष्टी विचारतो: गाऱ्हाणे कोणाविरुद्ध आहे, ते दूर कोणी करायचे, ‘आपण’ म्हणजे कोण, आणि मार्ग कोणता. या क्रमाला काही पावित्र्य नाही, पण पहिला प्रश्न पहिला ठेवा. पुष्कळांची गल्लत होते ती तिथेच.

संघटनेचे संस्थापक शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला शेती करू लागले. त्यांचे गाऱ्हाणे सावकार, व्यापारी किंवा जमीनदाराविरुद्ध नव्हते. ते सरकारविरुद्ध होते. शहरात धान्य आणि कारखान्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून लेव्ही (सरकारची सक्तीची खरेदी), निर्यातबंदी, वाहतुकीवर बंधने लावून शेतमालाचे भाव मुद्दाम पाडले जातात, आणि शेतीतला हा वरकड (खर्च जाऊन उरणारे मूल्य) ओरबाडून ‘इंडिया’, म्हणजे शहरी भाग, उभा राहतो आणि ‘भारत’, म्हणजे खेडी, कर्जात जातो. आता ही मांडणी नीट ऐका. शोषण, वरकड, एका वर्गाने दुसऱ्याला लुटणे, ही सगळी भाषा डाव्यांची आहे. पण लुटारू म्हणून जो उभा केला आहे तो डाव्यांचा लाडका उपाय, म्हणजे सरकार. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप उलटे येते. सरकारने मधून हटावे, बाजार खुला करावा. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत अनुदानाला नकारही आहे आणि श्रमाच्या मोलाचा आग्रहही आहे. अर्धी घोषणा उजवी, अर्धी डावी म्हणा हवे तर.

तिसऱ्या प्रश्नावर डाव्यांनी संघटनेला खरे पकडले. ‘आपण’ म्हणजे सगळे शेतकरी, असे संघटना म्हणे. डावे विचारत, पन्नास एकरवाला आणि दोन एकरवाला एक कसे, आणि ज्याला जमीनच नाही त्या शेतमजुराचे काय? जोशींचे उत्तर असे की भाव मिळाला तर मजुरीही वाढेल. हा वाद मला आजही मिटलेला वाटत नाही. माझा कल विचाराल तर संघटनेचे निदान बरेच बरोबर होते, पण शेतमजुराच्या बाबतीत तिने फार लवकर समाधान मानून घेतले. हे माझे मत, तुमच्या आजोबांना ते मुळीच पटणार नाही.

१९९१ नंतर चित्र आणखी गमतीदार झाले. डंकेल प्रस्तावाला जोशींनी पाठिंबा दिला. विरोधात कोण होते? डावे पक्ष, समाजवादी, आणि त्यांच्याच बाजूला संघ परिवारातला स्वदेशी जागरण मंच. शेतकरी चळवळही फुटली. कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघटना जागतिकीकरणाच्या इतकी विरोधात की १९९२ मध्ये तिच्या कार्यकर्त्यांनी बंगळूरमध्ये कारगिल या बियाणे कंपनीच्या कार्यालयावर हल्ला केला. दोन्ही संघटना शेतमालाच्या भावासाठीच लढणाऱ्या. पण एकीच्या लेखी लुटारू दिल्लीत होता, दुसरीच्या लेखी परदेशी कंपनीत. पहिला प्रश्न पहिला ठेवा म्हणतो ते यासाठी.

स्त्रियांच्या प्रश्नावर काय? १९८६ मध्ये चांदवडला संघटनेने प्रचंड महिला अधिवेशन घेतले, पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम चालवला, ज्यात शेतकऱ्याने आपली काही जमीन बायकोच्या नावे करायची. गावागावांत हे झाले. मालमत्तेतला हक्क प्रत्यक्ष हातात देणारा असा कार्यक्रम भल्याभल्या पुरोगामी पक्षांनी राबवला नव्हता. आणि तेच जोशी मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झाले तेव्हा विरोधात मत देणारे एकटे सदस्य होते, १८६ विरुद्ध १. त्यांचा आक्षेप राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरवण्याच्या पद्धतीवर होता. चांदवड आणि हे मत यांत विसंगती वाटते ती ‘स्त्रीवादी की स्त्रीविरोधी’ या रकान्यामुळे. ‘सुधारणा कोणी करायची, समाजाने की कायद्याने’ असे विचारले की दोन्ही कृती एकाच जागी येऊन बसतात. पटणे न पटणे पुढचे.

तेव्हा उत्तर असे: संघटनेची विचारसरणी आर्थिक उदारमतवादी, शेतकरीवादी, सत्तेच्या केंद्रीकरणाविरुद्ध आणि लढ्याच्या पद्धतीत जनआंदोलनवादी. एका शब्दात मागितलेत तर ‘शेतकरीवादी उदारमतवाद’ म्हणेन. ‘उजवे’ म्हटलेत तर अर्थकारणापुरते खरे, बाकी दिशाभूल. आणि बिल्ल्याच्या रंगावरून तर काहीच ठरवू नका.

इथे एक शंका तुमच्या मनात येईल: असे प्रत्येकाचे वेगळे नाव ठेवत बसलो तर वर्गीकरण उरले कुठे? मायकल फ्रीडन या अभ्यासकाने १९९० च्या दशकात यावर चांगला तोडगा काढला. त्याच्या मते प्रत्येक विचारसरणीत काही कल्पना गाभ्यात असतात, काही त्यांना लागून, काही काठावर. स्वातंत्र्य, समता, राष्ट्र, सुव्यवस्था या कल्पना जवळजवळ सगळ्यांकडे सापडतात, फरक कोणती कुठे ठेवली आहे याचा असतो. गोडा मसाला काय, मालवणी मसाला काय, धणे आणि मिरची दोन्हींत असतेच, प्रमाणावरून चव ठरते. सावरकरांच्या विचारात राष्ट्र गाभ्यात आहे. जातिनिर्मूलन, विज्ञाननिष्ठा, गाय हा उपयुक्त पशू आहे हे म्हणणे, सगळे त्या गाभ्याच्या सेवेला. आंबेडकरांचाही जातिनिर्मूलनाचा आग्रह, पण तिथे व्यक्तीची प्रतिष्ठा आणि समता गाभ्यात, राष्ट्राचे ऐक्य त्यातून निघणारे. ‘दोघेही जातिविरोधी’ असे एका ओळीत लिहून मोकळे होणाऱ्या उत्तरपत्रिकेला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत.

आंबेडकरांवरून आणखी एक सावधगिरी. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला. १९४७ च्या निवेदनात तर पायाभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी आणि हे घटनेतच लिहावे अशी मागणी केली. इथवर वाचून विद्यार्थी ‘राज्य समाजवादी’ असे लिहून पुढे जातो. पण १५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत के. टी. शाह यांनी ‘समाजवादी’ शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, तिला विरोध आंबेडकरांनीच केला. समाजाची रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, हा त्यांचा मुद्दा. आधीचे निवेदन शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने होते, नंतरचे भाषण मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून. माणूस कोणाच्या वतीने आणि कोणत्या खुर्चीवरून बोलतोय, ही नोंद तारखेइतकीच गरजेची असते.

तारखेचेही तसेच. मिनू मसानी १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष काढणाऱ्यांत होते आणि १९५९ नंतर खासगी उद्योगाची बाजू घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाचे बिनीचे नेते. केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये, तिथून शेकापमध्ये, पुन्हा काँग्रेसमध्ये. ‘मसानी कोण होते?’ याला वर्ष सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

आणि पक्षाच्या नावावरून किंवा त्याच्या लेखी घटनेवरून विचारसरणी ठरवायची नाही, हे तर आपल्या देशात कायद्यानेच शिकवले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा असल्याचे आपल्या घटनेत लिहून द्यावे लागते. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडे एकही बिगरसमाजवादी नोंदणीकृत पक्ष नाही! भाजपने तर १९८० मध्ये स्थापनेनंतर ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता. १९९५ च्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली, आणि १९९१ मध्ये बाजार खुला केला तो काँग्रेसने. पक्ष निवडणूक जिंकायला निघतात, त्यामुळे त्यांची धोरणे विचारसरणीचा पुरावा म्हणून वापरताना दहादा विचार करावा.

आता ती चाचणी. आडवी रेघ अर्थकारणाची, उभी रेघ सत्ता-स्वातंत्र्याची, आणि मधे कुठेतरी तुमचा ठिपका. अशा दुपदरी नकाशांची कल्पना जुनी आहे. हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक केला, मग अमेरिकेत डेव्हिड नोलनने एक. नोलन हा सरकार कमीत कमी हवे म्हणणाऱ्या तिथल्या लिबर्टेरियन पक्षाच्या संस्थापकांपैकी, आणि त्याच्या नकाशात त्याच्या विचारांना दिमाखदार स्वतंत्र कोपरा आहे. यात लबाडी नाही, नकाशा काढणारा आपल्या गावापासून सुरुवात करतो. अडचण अशी की या चाचण्यांतले प्रश्न तिकडचे असतात, गर्भपात, गांजा, बड्या कंपन्या. आरक्षण, कांद्याची निर्यातबंदी, शाळेची भाषा, आंतरजातीय लग्न यांवर तुम्हाला कोणी विचारलेच नाही. तुमच्या-माझ्या घरात ज्यावरून ताटे आपटतात ते विषय वगळून काढलेला ठिपका तुम्हाला पटला नाही, यात नवल नाही.

भारतासाठी मला जास्त उपयोगी वाटतात त्या प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या दोन रेषा. एक, राज्यसंस्थेने समाजाच्या रूढींत आणि मालमत्तेत हात घालावा का? दोन, दलित, मागास, अल्पसंख्य अशा समूहांना समूह म्हणून खास मान्यता आणि सवलती द्याव्यात का? यावर आपले पक्ष बरेच नीट सुटे होतात. तरी शेती-शहर ही रेषा त्यात धूसर राहते, म्हणून महाराष्ट्रासाठी मी ती तिसरी जोडतो. तुम्ही या तिन्हींवर स्वतःचे उत्तर कागदावर लिहून बघा.

राहिली परीक्षा. वस्तुनिष्ठ प्रश्न असेल तर मुकाट्याने पुस्तकातला तक्ता वापरा, तिथे वाद घालायला जागा नसते. वर्णनात्मक उत्तरात मात्र पहिल्या परिच्छेदातच कोणत्या प्रश्नाच्या आणि कोणत्या काळाच्या संदर्भात वर्गीकरण करताय ते लिहून टाका, मग एकच व्यक्ती किंवा चळवळ घेऊन ती दोन रेषांवर तपासा. पाच विचारवंतांची नावे टाकण्यापेक्षा हे वजनदार दिसते. उदाहरण म्हणून शेतकरी संघटना घ्यायला हरकत नाही, फक्त शेतमजुरांचा आक्षेप वगळू नका. आजोबा वाचणार असतील तरीही.